अटळ शिक्षा आणि न्यायाचे तारतम्य

काही वर्षांपूर्वीच्या श्रावणातील गोष्ट. सायंकाळची मिस्सा आटोपून आम्ही धर्मग्रामाच्या कचेरीत येऊन बसलो, तेव्हा एक बाई आपल्या मुलीला घेऊन दाराशी उभी होती. मुलगी गरोदर होती. बाईने आत येऊन दार लोटून घेतले आणि खुर्चीवर टेकण्याआधीच विचारले, ‘‘फादर, बाप्तिस्म्याची वही हरवली असं तुम्हांला सांगता येईल का?’’

प्रश्नामागची हकीकत आम्हांला अर्धीमुर्धी ठाऊक होती. मुलीला तपासणीसाठी दवाखान्यात नेले तेव्हा तिचे वय पाहून डॉक्टरांनी पोलिसांना कळवले. कायद्याने ते त्यांना कळवावेच लागते. त्याच रात्री आमच्याच धर्मग्रामातील एका बावीस वर्षांच्या तरुणाला अटक झाली. दोन्ही घरांना त्यांचे संबंध माहीत होते; ते मान्य होते असे नव्हे, पण लग्न लावून द्यावे एवढ्यापर्यंत बोलणी आली होती. आता तो तुरुंगात होता आणि वकिलांनी बाईंना सांगितले होते, की सारे काही वयावर अवलंबून आहे. मुलीचा जन्म पाड्यावर, घरीच झालेला. सरकारी दप्तरी त्याची नोंद नाही. शाळेत ती उशिरा गेली आणि तेथील तारीख मास्तरांनी अंदाजाने घातलेली. हाडांच्या तपासणीवरून वय सतरा ते एकोणीसच्या दरम्यान. नेमकी तारीख एकाच ठिकाणी होती. जन्मल्यानंतर तीन आठवड्यांनी तिला बाप्तिस्मा देणाऱ्या आमच्या एका पूर्वसूरींनी ती आपल्या वळणदार अक्षरात वहीत लिहून ठेवली होती. त्या तारखेप्रमाणे घडल्या गोष्टीच्या वेळी ती अठरा वर्षांची व्हायला सव्वा वर्ष बाकी होते.

आईला आम्ही नाही म्हटले. ती रडली नाही, भांडलीही नाही; पदर सावरून उठली. मुलगी मात्र जागची हलली नाही. तिने विचारले, ‘‘फादर, मला अठरा पुरी झाली होती असं मी कोर्टात सांगितलं, तर ते पाप होईल?’’

हे संभाषण पापनिवेदनातील नव्हे, हे प्रथम स्पष्ट करावयास हवे. ते लिहिण्यास त्या मुलीची आज संमती आहे आणि तिची ओळख पटू नये एवढ्यापुरते तपशील आम्ही बदलले आहेत. तिच्या प्रश्नाला आम्ही काय उत्तर दिले ते पुढे येईलच. परंतु तो प्रश्न तिला विचारावा का लागला, याचा शोध घेऊ लागलो तेव्हा तो आम्हांला बराच दूरवर घेऊन गेला.

लैंगिक अत्याचारांपासून बालकांचे संरक्षण करणारा, पोक्सो या नावाने ओळखला जाणारा कायदा २०१२ साली झाला. अठरा वर्षांखालील व्यक्तीच्या संमतीला तो संमती मानत नाही. शरीरसंबंधाच्या गुन्ह्याला त्यात प्रथम किमान ७ वर्षांचा कारावास होता. २०१९ च्या दुरुस्तीने तो १० वर्षांवर नेला आणि बालक सोळा वर्षांखालील असेल तर २० वर्षांवर. गुन्हा ‘गंभीर स्वरूपाचा’ ठरला तरीही किमान शिक्षा २० वर्षे. आणि गंभीर स्वरूपाच्या व्याख्येत मुलीला दिवस जाणे ही एक बाब आहे. म्हणजे आमच्या कचेरीत बसलेल्या मुलीच्या पोटातील बाळामुळेच तिच्या बाळाच्या बापाची शिक्षा दहाची वीस होत होती. न्यायाधीशाला त्यातून एक दिवसही कमी करण्याची मुभा नाही. आरोपी चाळीस वर्षांचा नातलग आहे की बावीस वर्षांचा प्रियकर, त्याने धाक घातला की वचन दिले, हे त्याने ऐकावे. पण ऐकून उपयोग नाही.

हा तरुण निर्दोष होता असे आम्ही म्हणत नाही. तो वयाने मोठा होता, कमावता होता, आणि परिणामांची जाणीव त्याला असायला हवी होती. त्याने त्या मुलीचे शिक्षण आणि कोवळे वय दोन्ही हिरावले. त्याला काही शिक्षा व्हावी, हे त्याच्या आईनेही नाकारले नाही. प्रश्न मापाचा होता.

मग माप आधीच ठरवून टाकण्याची ही रीत आली कोठून? केवळ निर्दय मनांतून ती आली असे समजणे सोपे आहे, पण ते खरे नाही. सेमिनरीत असताना संत थॉमस अक्विनस यांचा ‘सुम्मा थिओलॉजिए’ आम्ही नेटाने वाचला होता. कायद्याविषयीच्या प्रकरणात त्यांनी हाच प्रश्न घेतला आहे: निवाडे जिवंत न्यायाधीशांवर सोपवावेत, की नियम आधीच लिहून ठेवावेत? ॲरिस्टॉटलचा आधार घेऊन ते लिखित नियमांच्या बाजूने तीन कारणे देतात. चांगला कायदा करण्यासाठी थोडेच शहाणे लोक लागतात, उलट प्रत्येक खटल्यात योग्य निवाडा करायचा तर फार लागतील. कायदा करणाऱ्याला दीर्घकाळ विचार करता येतो, न्यायाधीशाला समोर आलेल्या प्रकरणाचा तेव्हाच निकाल लावावा लागतो. आणि कायदा करणारा सर्वसामान्य, पुढे घडणाऱ्या गोष्टींचा विचार करतो. न्यायाधीशासमोर मात्र माणसे उभी असतात, तेव्हा माया, द्वेष, लोभ यांनी त्याची दृष्टी वाकडी होऊ शकते. आपल्याकडे न्यायाधीश म्हटले की रामशास्त्री प्रभुणे आठवतात. पण प्रत्येक तालुक्याला रामशास्त्री आणायचा कोठून, हेच थॉमस तेराव्या शतकात विचारत होते.

आपल्या न्यायालयांचा इतिहास या भीतीला दुजोराच देतो. १९७२ च्या मार्च महिन्यात, आज गडचिरोली जिल्ह्यात असलेल्या देसाईगंज येथील पोलीस ठाण्यात एका अनाथ आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. देश ते प्रकरण मथुरा प्रकरण म्हणून ओळखतो. चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले. नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी धरले, पण सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली पुन्हा सोडून दिले. तिने आरडाओरडा केला नाही, अंगावर जखमा नाहीत, यावरून तिची संमती गृहीत धरली गेली. १९७९ साली उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायद्याच्या अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले आणि त्यातून देशभर चळवळ उभी राहिली. तिची परिणती १९८३ च्या कायदादुरुस्तीत झाली. बलात्काराला किमान ७ वर्षे आणि पोलिसांच्या ताब्यातील स्त्रीवरील अत्याचाराला किमान १० वर्षे अशी मर्यादा तेव्हा प्रथमच आली.

मात्र एक परंतुक ठेवले गेले. ‘पुरेशी आणि विशेष कारणे’ निकालपत्रात नोंदवून न्यायाधीश किमान मर्यादेखाली जाऊ शकत होता. त्या परंतुकाचे पुढे काय झाले हे वाचताना आमच्यासारख्या दयेची बाजू घेणाऱ्याला मान खाली घालावी लागते. कर्नाटकातील एका प्रकरणात सात-आठ वर्षांच्या मुलीवर अत्याचार करणाऱ्याची १० वर्षांची शिक्षा उच्च न्यायालयाने ४ वर्षांवर आणली. कारणे अशी, की तो अडाणी आहे, दारूच्या अमलाखाली होता, घरी म्हातारी आई आणि बायकामुले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली ती १० वर्षे पुन्हा कायम केली. पण त्याच सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली पंजाबातील एका सामूहिक बलात्काराच्या प्रकरणात, घटना जुनी झाली आणि उभय पक्षांत तडजोड झाली म्हणून, आरोपींची शिक्षा भोगलेल्या सुमारे साडेतीन वर्षांवर आणली. दयेचे हात नेहमी एकाच दिशेला पुढे होत होते. आरोपीची म्हातारी आई न्यायाधीशाला दिसत होती, त्या मुलीची आई दिसत नव्हती. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीतील घटनेने देश हादरला आणि २०१३ च्या दुरुस्तीने ते परंतुक पुसून टाकले. त्याबद्दल कोणी हळहळले असेल असे आम्हांला वाटत नाही. आम्हीही हळहळलो नव्हतो.

येथवर वाचणारा म्हणेल, मग तक्रार कशाची? आमची तक्रार अशी, की मथुरेच्या खटल्यात प्रश्न शिक्षेच्या मापाचा नव्हताच. पुराव्याकडे, स्त्रीच्या शब्दाकडे न्यायालयाने कसे पाहिले, हा प्रश्न होता. त्यावरचा खरा उपाय त्याच १९८३ च्या दुरुस्तीत दुसऱ्या एका कलमाने केला: पोलिसांच्या ताब्यातील स्त्री संमती नव्हती म्हणाली, तर न्यायालयाने तसेच गृहीत धरावे. किमान ७ वर्षे किंवा किमान ७० वर्षे असती तरी मथुरेला त्यातून काय मिळाले असते? आरोपी दोषी ठरल्याखेरीज किमान शिक्षा सुरूच होत नाही.

आणि दोषी ठरण्याचे काय झाले? राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीप्रमाणे बलात्काराच्या निकालात निघालेल्या खटल्यांत दोषसिद्धीचे प्रमाण २०१८ साली सुमारे २७ टक्के होते. शिक्षा कडक करून पाच वर्षे झाली होती. इटालियन विचारवंत बेकारिया याने १७६४ साली आपल्या गुन्हे आणि शिक्षा यांवरील ग्रंथात लिहून ठेवले, की माणसाला शिक्षेच्या कठोरपणापेक्षा तिच्या निश्चितपणाची जरब अधिक बसते. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने २०१४ साली तुरुंगवासाच्या वाढीवरील आपल्या मोठ्या अहवालात जवळपास तेच म्हटले. चारातले तीन सुटतात हे ज्याने पाहिले आहे, तो चौथ्याला दहा मिळाली की वीस, याचा हिशेब मांडत बसत नाही.

परंतु कठोर किमान शिक्षेचा खरा परिणाम आकड्यांत दिसत नाही, असे आम्हांला वाटू लागले आहे. तारतम्य नाहीसे करावे म्हणून हे कायदे केले जातात आणि तारतम्य काही नाहीसे होत नाही. ते दुसरीकडे जाऊन बसते. इंग्लंडचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. अठराव्या शतकात तेथे दोनशेच्या आसपास गुन्ह्यांना देहदंड होता. राहत्या घरातून ४० शिलिंग किंवा त्याहून अधिक किमतीची वस्तू चोरली तर फाशी. न्यायाधीशाला पर्याय नव्हता, म्हणून पंचांनी तो शोधला. चोरलेला ऐवज उघड उघड त्याहून महाग असला तरी ते शपथेवर त्याची किंमत ३९ शिलिंग ठरवू लागले. ब्लॅकस्टन या विधिपंडिताने या रीतीला पापभीरू माणसांची खोटी शपथ अशा अर्थाचे नाव दिले. माणसे चांगली होती, हेतूही चांगला होता. पण कायद्याने त्यांना एक जीव वाचवण्याचा एकच मार्ग ठेवला होता आणि तो असत्याचा होता.

अमेरिकेत हे तारतम्य सरकारी वकिलाच्या टेबलावर गेले. तेथे १९८६ च्या कायद्याने क्रॅक या स्वरूपातील ५ ग्रॅम कोकेनला किमान ५ वर्षे ठरवली. पांढऱ्या भुकटीच्या स्वरूपातील कोकेनला तेवढीच शिक्षा होण्यास ५०० ग्रॅम लागत. क्रॅकचे खटले बहुतांशी गरीब वस्त्यांतील कृष्णवर्णीयांवर होत, भुकटी वापरणारा वर्ग निराळा होता. हे शंभरास एक प्रमाण अठरास एकवर यायला २०१० साल उजाडले. दरम्यान कोणत्या कलमाखाली आरोप ठेवायचा हे सरकारी वकील ठरवी आणि त्या ठरवण्यातच शिक्षा ठरून जाई. २००४ साली युटा राज्यातील एका संघीय न्यायाधीशांना गांजा विकणाऱ्या एका तरुणाला, विक्रीच्या वेळी जवळ पिस्तूल होते म्हणून, ५५ वर्षांची शिक्षा द्यावी लागली. ही शिक्षा अन्यायाची आणि क्रूर आहे असे त्यांनी निकालपत्रात लिहिले, आणि तरीही ती दिली.

आपल्याकडील अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्याचा धडाही निराळा नाही. बहुतेक गुन्ह्यांना किमान १० वर्षे, माल थोडा की फार याला फारशी किंमत नाही. व्यसनी पोरगा आणि बडा व्यापारी एकाच मापात. शेवटी २००१ साली संसदेनेच मालाच्या प्रमाणानुसार शिक्षांची उतरंड लावली.

पोक्सोच्या बाबतीत तारतम्य कोठे जाऊन बसले आहे? २०१६ ते २०२० या काळातील आसाम, महाराष्ट्र आणि पश्चिम बंगाल येथील सात हजारांवर निकालपत्रांचा एनफोल्ड या संस्थेने अभ्यास केला आणि तो २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्यांतील १,७१५ प्रकरणे, म्हणजे सुमारे २४ टक्के, परस्परसंमतीच्या प्रेमसंबंधांची होती आणि त्यांतील बहुतांश आरोपी निर्दोष सुटले होते. ते सुटले कसे? कायद्याप्रमाणे संमतीचा प्रश्नच उद्भवत नसताना सुटण्याचे मार्ग मोजकेच उरतात. मुलगी साक्ष फिरवते, किंवा वय सिद्ध होत नाही. दया दाखवण्याचे काम न्यायाधीशाच्या हातून काढून घेऊन आपण ते अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीकडे दिले आहे, आणि ते तिने खोटे बोलूनच करायचे आहे. ज्या मुलीवर खरोखर अत्याचार झाला, तिच्यावर घरचे दडपण येऊन तिने साक्ष फिरवली, तर तीही त्याच रांगेत उभी दिसते. न्यायालयाला दोघींतला फरक कळण्याची वाटच उरत नाही.

१९८३ हे वर्ष आणखी एका कारणाने लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षाच्या अखेरीस संसदेने किमान शिक्षेचा कायदा केला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये, मूळचे पुण्याचे असलेले सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने मिठू खटल्यात भारतीय दंडसंहितेचे कलम ३०३ घटनाबाह्य ठरवले होते. जन्मठेप भोगणाऱ्याने खून केला तर फाशी आणि फाशीच, असे ते कलम. तुरुंगातील कर्मचाऱ्यांना संरक्षण मिळावे हा त्याचा मूळ हेतू. न्यायालयाने म्हटले त्याचा आशय असा, की गुन्हा कोणत्या परिस्थितीत घडला हे पाहण्यास मनाई करणारा कायदा न्याय्य म्हणता येत नाही. फौजदारी प्रक्रियेच्या संहितेत, दोषी ठरवल्यानंतर शिक्षा सुनावण्याआधी आरोपीचे म्हणणे ऐकावे असा नियम आहे. शिक्षा आधीच ठरलेली असेल तर ते ऐकणे हा निव्वळ उपचार उरतो. ते कलम मृत्युदंडाचे होते, म्हणून ते पडले. कारावासाच्या वर्षांबाबत न्यायालये तेवढी पुढे गेलेली नाहीत. पण ऐकण्याचा तो उपचार कारावासाच्या खटल्यातही तितकाच पोकळ असतो, असे आम्हांला वाटते.

थॉमस यांच्याकडे पुन्हा वळावयास हवे, कारण त्यांनी लिखित नियमांची बाजू घेऊन विषय संपवलेला नाही. ज्या बाबी कायद्याच्या आवाक्यात येत नाहीत त्या न्यायाधीशावर सोपवाव्याच लागतात, हे त्यांनी तेथेच म्हटले आहे. थोड्या पुढे त्यांनी एक दृष्टान्त दिला आहे. शहराला वेढा पडला आहे. वेशीचे दरवाजे बंद ठेवावेत असा हुकूम आहे. हुकूम सर्वांच्या हिताचा आहे. शहराचेच रक्षण करणारे काही शिपाई शत्रू पाठीवर घेऊन दरवाजाशी येतात. दरवाजा उघडावा की नाही? उघडावा, असे थॉमस म्हणतात. कारण हुकूम ज्यासाठी दिला तेच हित उघडण्याने साधते. ॲरिस्टॉटलने यासाठी लेस्बॉस बेटावरील गवंड्यांच्या शिशाच्या पट्टीचे उदाहरण दिले होते. ती पट्टी दगडाच्या आकाराप्रमाणे वाकते, म्हणून ओबडधोबड दगडाचेही माप घेते. मोजणे तिने सोडलेले नसते. आमच्या सेमिनरीतील वृद्ध प्राध्यापक हा भाग शिकवताना हमखास विचारीत, ‘‘दरवाजा उघडायचा, पण किल्ली कोणाजवळ ठेवायची?’’ तेव्हा आम्हांला तो विनोद वाटे.

कारण किल्ली कोणाजवळ तरी असतेच. २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयासमोर पश्चिम बंगालमधील एक प्रकरण निकालासाठी आले. मुलगी चौदा वर्षांची, पुरुष पंचविशीचा. सत्र न्यायालयाने त्याला २० वर्षे दिली. कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२३ साली त्याला सोडले आणि सोडताना किशोरवयीन मुलींना संयमाचे धडेही दिले. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन २०२४ साली तो दोषी असल्याचा निर्णय पुन्हा कायम केला. मग त्या मुलीचे म्हणणे जाणून घेण्यासाठी तज्ज्ञांची समिती नेमली. ती आता सज्ञान झाली होती, त्याच्यासोबत संसार करीत होती, तिला एक मूल होते. तिला जे सोसावे लागले ते मूळ घटनेपेक्षा त्यानंतरच्या पोलीस, न्यायालये आणि आरोपीला सोडवण्याची धडपड यांमुळे अधिक, असे समितीपुढे आले. न्या. अभय ओक आणि न्या. उज्ज्वल भुयान यांनी घटनेच्या १४२ व्या अनुच्छेदाखालील विशेष अधिकार वापरून, दोष कायम ठेवूनही, शिक्षा दिली नाही. समाज, कुटुंब आणि कायदा या तिघांनीही त्या मुलीला दगा दिला, असा त्या निकालाचा सूर आहे.

चौदा आणि पंचवीस या वयांतील संबंधाला प्रेम म्हणायला आमची जीभ धजत नाही. तरीही तो निकाल वाचून आम्हांला बरे वाटले, आणि दुसऱ्याच क्षणी खंत वाटली. १४२ वा अनुच्छेद एकट्या सर्वोच्च न्यायालयाला उपलब्ध आहे. पाड्यावरच्या मुलीने दिल्लीपर्यंत पोहोचायचे कसे? जे दोन न्यायमूर्तींना समोरचा माणूस पाहून करता आले, ते जिल्ह्याच्या न्यायाधीशाला, ज्याने त्या माणसाला महिनोन्‌महिने समोर पाहिले आहे, करता येत नाही.

विधी आयोगाने सप्टेंबर २०२३ मधील २८३ व्या अहवालात संमतीचे वय अठरावरून खाली आणू नये असे सांगितले आणि ते आम्हांला पटते. सोळा ते अठरा या वयातील मुलीची प्रत्यक्ष मान्यता असेल, तर शिक्षेच्या बाबतीत न्यायाधीशाला मार्गदर्शक निकष घालून तारतम्याचा अधिकार द्यावा, असेही आयोगाने सुचवले आहे. यावर कोणी म्हणेल, १९८३ चे परंतुक कसे वापरले गेले ते तुम्हीच वर सांगितलेत. सांगितले, आणि ते मागे घेत नाही. पण कर्नाटकातील त्या प्रकरणाकडे पुन्हा पाहावे. उच्च न्यायालयाची कारणे चुकीची होती हे आपल्याला कळले कसे? ती लिहिलेली होती म्हणून. सर्वोच्च न्यायालयाने ती वाचली आणि खोडून काढली. न्यायाधीशाच्या चुकीच्या दयेवर अपील करता येते, वर्तमानपत्रात टीका करता येते, चार अध्यापकांना खुले पत्र लिहिता येते. साक्षीदाराच्या पिंजऱ्यातील खोट्या शपथेवर आणि पोलीस अधिकाऱ्याच्या डोळेझाकीवर अपील कोठे करायचे?

डोळेझाक हा शब्द आम्ही अंदाजाने लिहिलेला नाही. त्या प्रकरणाचे तपास अधिकारी एकदा आमच्याकडे आले होते. त्यांनी चहा घेतला. मुलीच्या कुटुंबाची चौकशी केली, आईवडील कसे आहेत, मुलगा कसा आहे, ते विचारले. उठताना त्यांचे लक्ष काचेच्या कपाटाकडे गेले. ‘‘जुनी दप्तरं बरीच जपून ठेवली आहेत तुम्ही,’’ ते म्हणाले. आम्ही होय म्हटले. ते क्षणभर उभे राहिले, टोपी घातली आणि निघून गेले. त्यांनी वही मागितली असती तर आम्ही ती दिली असती, असे आम्ही स्वतःला कित्येकदा सांगितले आहे. त्यांनी ती मागितली नाही आणि आम्ही ती दाखवली नाही.

मुलीला आम्ही काय सांगितले ते आता लिहितो. शपथेवर खोटे बोलणे हे पाप आहे, असे सांगितले. ते तिला ठाऊकच होते. आमच्याच कॅटेकिझमच्या वर्गात ती ते शिकली होती. ‘‘मग खरं सांगू?’’ तिने विचारले. एरवी आम्ही म्हणालो असतो, खरे सांग, घाबरू नकोस, सगळे सांगून झाल्यावर काय वाटते तेही न्यायाधीशांना सांग, ते समजून घेतील. पण समजून घेण्यास कायद्याने त्यांना जागाच ठेवली नव्हती, आणि हे तिला वकिलाने आमच्यापेक्षा अधिक स्पष्टपणे सांगितले होते. आम्ही तिच्यासाठी प्रार्थना करू असे म्हणालो. तिने मान हलवली आणि आईपाठोपाठ पावसात बाहेर पडली.

खटला दोन वर्षांनी उभा राहिला. तोवर तो तरुण चौदा महिने कच्चा कैदी म्हणून राहून जामिनावर सुटला होता. मुलीने साक्षीत आपल्याला तेव्हा अठरा पूर्ण झाली होती असे सांगितले. वय निर्विवादपणे सिद्ध झाले नाही म्हणून संशयाचा फायदा देऊन न्यायालयाने त्याला सोडले. आम्हांला समन्स आले नाही. ज्यांनी निकाल दिला त्या न्यायाधीशांना सारे कळले असावे अशी आमची समजूत आहे, पण ती पडताळून पाहण्याचा मार्ग नाही. निकालपत्रात ते असणे शक्यच नाही.

पुढे त्यांचे लग्न आमच्याच मंदिरात झाले. बाळ तेव्हा दुडूदुडू चालत होते. आज ती मुलगी दर रविवारी मिस्साला येते, शेवटच्या खांबाजवळ मुलाला घेऊन उभी राहते. ख्रिस्तप्रसादाच्या वेळी रांगेत मात्र येत नाही. पापनिवेदनाला ये असे आम्ही तिला दोनदा सुचवले. ‘‘फादर, मला पश्चात्ताप होत नाही,’’ असे ती पहिल्यांदा म्हणाली. दुसऱ्यांदा काहीच म्हणाली नाही.

विवाहाची नोंद वधूवरांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदींसमोर, समासात करावी असा ख्रिस्तसभेचा नियम आहे. लग्नाच्या दिवशी दुपारी, मांडवातून ढोल ऐकू येत असताना, आम्ही कपाट उघडून ती वही काढली. तिचे पान शोधावे लागले नाही, वही आपोआप तेथेच उघडली. जन्मतारखेची शाई अजून निळीच होती. आम्ही तिच्यासमोर समासात लग्नाची तारीख लिहिली, खाली सही केली, शाई वाळू दिली आणि वही जागेवर ठेवून कपाटाला कुलूप घातले.